बाबांसाठी साखर अर्धी

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव
९ सप्टेंबर २०२४

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी शेजारच्या गीताबाईच्या पत्त्यावर पोचली. यापुढेही तिच्याच पत्त्यावर लिही. फोन करू नकोस म्हणाले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, बाई. आपल्या घरी रेंज येते ती फक्त ओसरीवर, आणि ओसरीवर हे, तुझे मामाजी, दिवसभर खाटेवर बसलेले. माझे कान हे असे. फोनचा आवाज पूर्ण वाढवला तरच मला ऐकू येतं, आणि मग माझ्याआधी मोहल्ला ऐकतो. म्हणून ही कागदाची वाट. सातवी पास बाईचं लिहिणं आहे, चुका पोटात घाल.

योगराजला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तू नवऱ्याला निरोप तरी दिलास, मी माझ्या लेकाचं तोंड पाहिलं नाही. तुझ्या भावाचा, मुन्नाचा फोन गीताबाईच्या मोबाइलवर आला तेव्हा मी तिच्या अंगणात तांदूळ पाखडत होते. तिथंच पदर तोंडात कोंबला. तासाभरानं घरी आले आणि भात टाकला, कारण तुझ्या मामाजींची गोळी जेवणावर घ्यायची असते. त्या दिवशी मी वरणाला फोडणीसुद्धा दिली. कशी दिली ते विचारू नकोस.

जूनमध्ये नागपूरला ह्यांच्या छातीत स्प्रिंग टाकली तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, सहा महिने ह्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. तेव्हा माझ्या शेजारी योगराजच बसला होता. मान हलवून ‘हो’ म्हणाला होता. डिसेंबरपर्यंत मला हे निभवायचंच आहे. लेक गेला, आता ह्यांना जाऊ देणार नाही.

मी ह्यांना सांगितलं आहे की कंपनीनं योगराजला हिमाचलात नवा प्लांट उभा करायला पाठवलं, आणि पहाडात फोन लागत नाही. एवढं मोठं खोटं मला एका दमात कसं सुचलं, मलाच नवल वाटतं.

आता मुद्द्याचं. गेली चार वर्षं योगराज दिवाळीला सफरचंदाचा केक आणायचा, स्वतः केलेला, स्टीलच्या डब्यात. ह्यांचे पुढचे दात गेलेले. तो मऊ ओला केक ह्यांना चावावाही लागत नसे. दवाखान्यातून निघताना योगराजनं शब्द दिला होता, “बाबा, दिवाळीले केक आणतो, साखर कमी टाकतो.” आता हे रोज खाटेवरून ऐकवतात, “पोराले सुट्टी नाही भेटली त नाही भेटली. केक त पाठवन ना तो.” केक आला तर लेक आहे, असं ह्यांनी मनाशी धरलं आहे. तर तो केक कसा करतात ते मला सविस्तर लिही. मी गीताबाईच्या घरी करीन आणि पार्सल आलं म्हणून सांगीन.

तुझं पत्र मी गीताबाईच्या घरून आणते आणि आपल्या गोठ्यापाशी उभ्यानं वाचते. मयताचा मजकूर असलेली चिठ्ठी उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, तुला माहीत आहेच. वाचून फाडते, हात-पाय धुते, मग घरात येते. लेकासाठी दुसरं काही करता आलं नाही, निदान एवढं तरी रीतीनं व्हावं.

तू नीट जेवते ना?

तुझी आई,
सुलोचना


चाकण, पुणे
१७ सप्टेंबर २०२४

ती. आईंना सा. नमस्कार.

मी जेवते. लॅबमध्ये कामालाही जाते, रिपोर्ट टाइप करण्याचंच काम आहे, बसून असतं. काळजी करू नका.

केक इथून पाठवला तर पोचेपर्यंत आंबेल. त्यात पाणी जास्त असतं. त्यामुळे तुम्ही म्हणता तसं तिकडेच करणं बरं.

दोन कप मैदा, किंवा मामाजींसाठी एक कप मैदा आणि एक कप कणीक. दोन मोठी सफरचंदं किसून, पिळून घ्यायची. पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, एक कप दही. अंडं नको. एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर दालचिनीची पूड, आपल्याकडची कलमी. सगळं हलक्या हातानं मिसळायचं, फेटायचं नाही. मोठ्या गंजात किंवा पातेल्यात तळाला रेती घालून ते आधी तापवायचं, आत केकचं भांडं ठेवायचं, वरून झाकण. भांड्याला आतून बटर पेपर लावा. मंद आचेवर पाऊण तास.

आई, एक विचारायचं होतं. दिवाळीला मी आले तर? म्हणजे, मी मामाजींसमोर काहीच बोलणार नाही. त्याला सुट्टी नाही म्हणून एकटी आले असं सांगेन. इथं शेजारचे सगळे चांगले आहेत, पण त्याला लहानपणापासून ओळखणारं इथं कुणी नाही. मला त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं आहे. तो लहानपणी तलावात पडला होता ती गोष्ट मला पुन्हा ऐकायची आहे.

तुमची,
दामिनी


केशोरी
२८ सप्टेंबर २०२४

चि. दामिनीस आशीर्वाद.

तुझा केक केला. केक कसला, पाटाच पडला तो. गीताबाईच्या बोकडानं हुंगला आणि तोंड फिरवून चालता झाला, आणि तो बोकड प्लास्टिकची पिशवीसुद्धा सोडत नाही.

चूक माझी असेल. सगळा जन्म भात रांधण्यात गेला. दर थोड्या वेळानं झाकण उचलायचं, शीत बोटानं दाबून पाहायचं, ही सवय हाताला. केकचंही झाकण मी पाच-सहा वेळा उचललं. वर आलेला मधोमध बसला. पण तेवढंच नाही, बाई. तो कोरडा होता. योगराजचा केक हाताला ओला लागायचा. तू काहीतरी लिहायचं विसरलीस का, आठवून पाहा.

बटर पेपर केशोरीत कुठला! अर्जुनीच्या दुकानदारालाही विचारलं, त्यानं वर्तमानपत्र देऊ केलं. शेवटी गीताबाई म्हणाली, “पळसाची पानं टाक न वो, पानात पानगे नाही भाजत का आपून?” ती पानं मात्र कामाला आली. एक कण चिकटला नाही.

तू यायचं म्हणतेस. येऊ नकोस. हे दोनदा लिहून खोडलं, पण येऊ नकोस. तू कपाळाला टिकली लावून, गळ्यात मंगळसूत्र घालून ह्यांच्यासमोर उभी राहशीलही. माझ्यासमोर कशी उभी राहशील? आणि मी तुला पाहून कशी गप्प राहीन? मी रडणार, हे पाहणार, आणि मग संपलं सगळं. डिसेंबर जाऊ दे. मग तुला स्वतः घ्यायला येते.

आता दुसरं संकट. परवा हे म्हणाले, “काऊन वो, फोन नसन लागत, पर डाक त पहाडातही जाते. अडतीस साल म्याच वाटली. त्याले एक चिठ्ठी लिवता नाही येत का?” आता काय सांगू? जन्मभर डाक वाटलेल्या माणसाला ‘डाक जात नाही’ म्हणता येईना. तू योगराजच्या अक्षरात चार ओळी लिहू शकशील का? तुला त्याचं अक्षर माहीत आहे. मी बरा आहे, दिवाळीला केक पाठवतो, एवढंच. बाकी मी सांभाळून घेते.

तुझी आई


चाकण
७ ऑक्टोबर २०२४

ती. आई,

मी तीन रात्री प्रयत्न केला. ‘ती. बाबांस’ एवढंच लिहून होतं. त्याचा ‘ब’ मला जमतो. पण त्याच्या अक्षरात ‘मी बरा आहे’ मी लिहू शकत नाही. माफ करा. हे माझ्याकडून होणार नाही.

आणखी एक कबूल करायचं आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले. तो केक मी आयुष्यात कधी केलेला नाही. दर दिवाळीआधी रविवारी तोच करायचा, मला ओट्यापाशी येऊ द्यायचा नाही. “तू सफरचंदं सोल, बाकी बापाचा केक मी करीन,” म्हणायचा. मी फक्त सोलायची. तुम्ही विचारलंत तेव्हा ‘मला येत नाही’ म्हणायची लाज वाटली. वाटलं, सून म्हणून एवढं तरी मला माहीत असायला हवं. जे बघितल्याचं आठवत होतं ते लिहिलं, बाकी अंदाजानं. तुमचा केक माझ्यामुळे बिघडला.

मी जेवते असं लिहिलं तेही खरं नाही. आई, त्याच्या रक्ताचे रिपोर्ट आमच्याच लॅबमध्ये यायचे. डेंग्यूचे आकडे. ते मी टाइप केले होते. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. आता कुणाचाही तसला रिपोर्ट समोर आला की माझी बोटं थांबतात. मॅडम समजून घेतात. मला दुसरं टेबल दिलं आहे.

सोबत एक कागद पाठवते आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. केकची कृती, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली. ब्लेडनं अलगद सोडवला तरी एक बाजू थोडी फाटली. मी झेरॉक्स काढून ठेवली आहे, हा मूळ कागद. यावरून करा. आणि मामाजींना अक्षर दाखवायचं असेल तर हेच दाखवा. खालची ओळ त्यांच्यासाठीच आहे. यात खोटं काही नाही.

झेरॉक्समध्ये तेलाचे डाग आले नाहीत. मला ते डाग हवे होते. पण पाठवते.

दामिनी

(कागद)
सफरचंद ३. सालं काढून बारीक फोडी. किसायचं नाही!!
फोडींवर साखर टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. पाणी सुटतं. पाणी फेकायचं नाही, त्यातच मैदा-कणीक भिजवायची. दूध नको.
दही १ वाटी, तेल अर्धी, बे. पा. १ चमचा, सोडा अर्धा, कलमी.
मंद आच, ५० मिनिटं. झाकण उघडायचं नाही. वास आला तरी नाही.
उतरवल्यावर डब्यात गरमच ठेवून झाकायचं. दुसऱ्या दिवशी खायचा, तेव्हा खरा ओला होतो.
बाबांसाठी साखर अर्धी.


केशोरी
१९ ऑक्टोबर २०२४

चि. दामिनीस आशीर्वाद.

कागद पोचला. गोठ्यापाशी उभी राहून वाचला आणि खाली बसले. गाय माझ्याकडे बघत राहिली. ‘वास आला तरी नाही’ हे वाचून मला हसू आलं बघ. लहानपणी चुलीवर काही ठेवलं की वास आला म्हणून झाकण उघडणारा हाच, आणि माझा धपाटा खाणारा हाच.

तू त्याच्या अक्षरात लिहिणार नाही म्हणालीस ते बरं केलंस. मी तुला ते सांगायलाच नको होतं. आईनं असं मागायचं नसतं. आणि केक येत नव्हता तर त्यात लाज कसली? मला लग्नाआधी वांग्याचं भरीत येत नव्हतं, सासूला म्हटलं येतं, आणि वांगं चुलीत टाकून विसरले. अर्धा गाव धुरानं खोकला. तू निदान गाव वाचवलास.

तुझं बाकीचं पत्र फाडलं. हा कागद फाडवला नाही. ह्यात मयताचं काही नाही ना, म्हणून मनाला समजावलं आणि उंबऱ्याच्या आत नेला. ह्यांना दिला. म्हटलं, पोरानं केकाची कृती पाठवली, अक्षर तरी बघा. ह्यांनी चष्मा लावला. फार वेळ बघत होते. पालटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाले, “अक्षर त्याचंच व्हय.” आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तेव्हापासून चिठ्ठीचं नाव नाही, फोनचं नाव नाही. मी सुटले बघ! एका कागदानं काम केलं. तुझे उपकार कसे फेडू?

फक्त ह्यांचं डोकं जरा फिरल्यासारखं वाटतं. कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता बाहेर गेले. दहा वाजता आले तर डोक्याचं पूर्ण मुंडण, मिशासुद्धा नाहीत, आणि अंग ओलं. तलावावर आंघोळ करून आलेले, ह्या तब्येतीत! मी इतकी ओरडले. म्हणाले, “गर्मी होऊन राहिली होती वो डोक्याले.” ऑक्टोबरात गर्मी! आणि मिशीत कसली गर्मी? म्हातारपणी माणूस मूल होतो ते खोटं नाही.

काल केक पुन्हा केला. ह्या खेपेला फोडी केल्या, साखर टाकून झाकून ठेवल्या. खरंच किती पाणी सुटलं! गीताबाईला माझे दोन्ही हात धरायला लावले, झाकण उचलू नये म्हणून. वास आला. नाही उघडलं. उतरवला तर बुड जरासं लागलेलं, पण आत, दामिनी, आत तो ओला होता. बोटाला लागला. मी आणि गीताबाईनं उभ्यानं खाल्ला आणि रडलो. दिवाळीला आच आणखी कमी ठेवीन.

जेवत जा. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

तुझी आई


चाकण
२५ ऑक्टोबर २०२४

ती. आई,

तुमचं पत्र वाचून दोन महिन्यांनी पहिल्यांदा मी भाजी केली. वांग्याचं भरीतच केलं.

केक जमला, फार बरं वाटलं. मामाजी शांत आहेत हेही बरं झालं. त्यांना थंड पाण्यानं आंघोळ करू देऊ नका.

दिवाळीत मुन्नाकडे जाईन. तो इथंच दोन स्टॉपवर राहतो. तो म्हणतो, पुढच्या महिन्यात खोली सोड आणि माझ्याकडे ये, किंवा गोंदियाकडे, गोरेगावला आईकडे जाऊन राहा. माहेरी सगळे वाट बघतात. पण गोरेगावला गेले तर लोक भेटायला येतील ते दामिनीला. योगराजसाठी रडायला कुणी येणार नाही. त्याच्यासाठी रडायचं घर एकच आहे आणि तिथं रडायला बंदी आहे. हे तुम्हाला टोचून लिहीत नाही, आई. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सहन करता आहात. तुम्हाला तर त्याच घरात राहून गप्प बसायचं आहे.

मामाजींनी केक खाल्ला की मला कळवा. काय म्हणाले तेही लिहा. शब्द न शब्द.

दामिनी


केशोरी
३ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनीस आशीर्वाद.

खाल्ला. शब्द न शब्द लिहिते.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गीताबाईकडे केला, रात्रभर डब्यात झाकून ठेवला. सकाळी डबा जुन्या पांढऱ्या कापडात शिवला, पार्सल शिवतात तसा, आणि घेऊन आले. म्हटलं, आला हो योगराजचा केक! माझा आवाज इतका खोटा निघाला की मलाच लाज वाटली. हे खाटेवरून उठले. कापड स्वतः उसवलं, एकेक टाका. डबा उघडून नाकाशी नेला. तुकडा काढला, खालून-वरून बघितला, तोंडात ठेवला. डोळे मिटून खाल्ला. मी दाराला धरून उभी.

म्हणाले, “बराबर झाला. अस्साच होते त्याचा.” मग म्हणाले, “साखर कमी टाकली. इसरला नाही पोरगा.” मग एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला, “तूही खाय वो. उपाशी नको राहू.” आणि आणखी एक तुकडा पानावर घेऊन बाहेर गेले. कुठं चालले विचारलं तर म्हणाले गाईला देतो. गोठ्याच्या मागं बराच वेळ होते. गाईला एवढा वेळ लागतो का? पण मी विचारलं नाही. मी जिंकले होते ना.

जिंकले, आणि चुलीपुढं बसून राहिले. दामिनी, माझ्या हातचा केक ह्यांनी लेकाचा म्हणून खाल्ला. आता लेक आणखी एक वर्ष जिवंत राहिला. आणि मला वाटलं, मग माझा लेक मेला कधी? मी त्याला एकदाही नाव घेऊन हाक मारून रडले नाही. गोठ्यापाशी उभं राहून वाचायचं आणि हात धुवायचे, एवढंच. मला तुझी फार आठवण आली. डिसेंबर फार लांब आहे गं.

तुझी आई


केशोरी
६ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनी,

या पत्राचा कोपरा मीच फाडला आहे, डाकेत फाटलेला नाही.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुझ्या नावाआधी काय लिहावं ते दोन दिवस सुचलं नाही. आधी कधी लिहिलं असतं तर ‘सौ.’ लिहिलं असतं. आता लोक जे लिहितात ते माझ्या हातानं मी लिहिणार नाही. म्हणून नुसतं चि. लिहिलं.

अडतीस वर्षं मी केशोरी आणि आसपासच्या वाड्या-टोल्यांत सायकलवर डाक वाटली. आमच्या वेळी मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पिशवीत तसं कार्ड दिसलं की मी दारात घंटी वाजवत नसे. माणसाला अंगणात बोलवायचं, हातात कार्ड द्यायचं आणि थोडा वेळ तिथंच थांबायचं. ते लोक कसे उभे राहतात ते मी शेकडो वेळा पाहिलं आहे. घराकडे पाठ करतात. वाचून झाल्यावर कागद फाडतात. हात धुतात, मगच उंबरा ओलांडतात.

तुझी सासू ऑगस्टपासून तशी उभी राहते आहे. ओसरीवरून गोठा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिनं चिठ्ठी घरात आणून पदराखाली वाचली असती तर मला कधी कळलं नसतं. पण रीत सोडून वागणं तिला जमलं नाही.

तरी मी मनाला सांगत होतो, दुसरं कुणी गेलं असेल. तुझ्या माहेरचं कुणी असेल. म्हणून योगराजचं पत्र मागितलं. मी चुकलो असलो तर पत्र येईल, असं वाटलं. आताचा डाकवाला दुर्गेश गीताबाईकडे पाकिटं देऊन जायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. त्याला हे काम मीच शिकवलं. मी त्याला एकदाही अडवलं नाही, आणि तुमची चिठ्ठी कधी उघडली नाही. दुसऱ्याची चिठ्ठी मी अडतीस वर्षांत उघडली नाही, आता कशी उघडीन.

मग तो कागद आला. अक्षर त्याचं होतं. पण कागद जुना, मागं सुकलेल्या डिंकाची पट्टी, वर तेलाचे डाग. कुठून तरी सोडवून काढलेला. जिवंत माणूस बापाला नव्या कागदावर लिहितो. त्या दिवशी मला खात्री पटली. दुसऱ्या दिवशी मी तलावावर जाऊन डोकं केलं आणि त्याच्या नावानं आंघोळ केली. बापानं मुलासाठी हे करायची पाळी येऊ नये. पण दुसरं कोण करणार होतं.

केक चांगला झाला होता. पार्सलवर शिक्का नव्हता, तिकीट नव्हतं, आणि केकच्या बुडाला पळसाच्या पानाच्या शिरा उमटल्या होत्या. हिमाचलात पळसाच्या पानावर केक कोण करेल? तिच्या हातचा होता तो. तिनं इतका जीव लावून केला होता की मी अख्खा तुकडा खाल्ला. एक तुकडा त्याच्या नावानं गोठ्यामागं ठेवला. कावळ्यानं लगेच उचलला नाही. मी बसून राहिलो. म्हटलं, पोरा, तुझ्या बायकोला मी घरी आणतो. मग उचलला. तुला खोटं वाटलं तरी चालेल.

तर तुला आणायचं आहे. डॉक्टर म्हणाले धक्का बसता कामा नये. धक्का मला बसून दोन महिने झाले. मी मेलो नाही. आता गप्प बसून मात्र मरेन. तुझी सासू माझ्यासाठी दिवसभर हसते आणि मी तिच्यासाठी केकाचं कौतुक करतो. रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपते, मी दाराकडे. दोघंही जागे असतो.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. मला एकट्याला ते जमत नाही. दुसऱ्यांच्या दारात एवढ्या बातम्या दिल्या, आपल्या घरात देता येत नाही. तू अंगणात येऊन उभी राहिलीस की कुणाला काही सांगावं लागणार नाही. तलावातली गोष्ट मी सांगीन. तिच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे, कारण त्याला मीच बाहेर काढलं होतं. तुला ती ऐकायला आवडायची ते मला आठवतं.

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदिया. तिथून बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनी. केशोरीची बस सुटते त्या अर्जुनीच्या एस.टी. स्टँडवर मी रोज दुपारी उभा राहीन. माझं डोकं केलेलं आहे, ओळखायला वेळ लागेल, म्हणून आधीच सांगतो. तू जशी आहेस तशी ये. टिकली लावू नकोस आणि पुसूही नकोस, जशी असशील तशी. त्याचा स्टीलचा डबा आण.

हे पत्र दाराबाहेर उभी राहून वाच. वाचून झालं की फाड, हात धू, आणि घरी ये.

तुझा मामाजी,
कवडू कापगते